थंडी अजून रेंगाळतेय, झाडं मात्र जागी व्हायला लागली: कोल्हापुरातल्या घरच्या बागेसाठी माघ-फाल्गुनातली कामं

दरवर्षी ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत पोचतात, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत. हाच सोहळा ९, १० आणि ११ नोव्हेंबरलाही असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन मागे फिरतो. जाताना नोव्हेंबरात तो क्षितिजावर जिथं मावळतो, तिथंच परतीच्या वाटेवर जानेवारीअखेर पुन्हा मावळतो. म्हणजे किरणोत्सवाच्या दिवसांत आपल्या बागेवर नोव्हेंबरइतकाच उजेड पडत असतो.

माती मात्र नोव्हेंबरातली नसते. नोव्हेंबरात तिच्यात ऑक्टोबर हीटची ऊब शिल्लक असते, फेब्रुवारीच्या तोंडाशी दोन महिन्यांचा गारठा. झाडाचा शेंडा उजेडाला आणि दुपारच्या उन्हाला लगेच दाद देतो, मुळं मात्र मातीच्या उबेची वाट बघतात. जानेवारीअखेर ते होळी या काळात बागेत जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं या तफावतीमुळं बिघडतं. वरून कोंब दिसले म्हणून आपण पाणी वाढवतो, खत घालतो, आणि मुळांना त्यातलं काहीच घेता येत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: या दिवसांत तारीख बघून किंवा एखाद्या गरम दुपारला भुलून बागेला हात लावू नका. आधी खुणा बघा. एकेका खुणेला एकेक काम जोडलेलं आहे.

पंचांगाप्रमाणे माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, वसंत चैत्रापासून. तरीही वसंतपंचमी माघातच येते, रथसप्तमीही माघातच, आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे फाल्गुनी पौर्णिमेला म्हणायचं. कोल्हापूरच्या हवेला हा सगळा क्रम चांगला जुळतो. जानेवारीत पहाटेचं किमान तापमान साधारण १४-१५ अंश आणि दुपारचं २९-३० असतं. मार्चमध्ये दुपारचा पारा ३५ च्या आसपास जातो. मधले पाच-सहा आठवडे एवढाच आपला वसंत, आणि मे महिन्यात बाग तगणार की करपणार हे बरंचसं या आठवड्यांतच ठरतं.

पहिलं काम: उजेड आणि सावली टिपून ठेवा

हे बिनखर्चाचं काम आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ४ ला गच्चीवर किंवा अंगणात सावलीच्या कडेनं खडूनं रेघा मारा. दोन आठवड्यांनी त्याच वेळी पुन्हा मारा. रेघा सरकलेल्या दिसतील.

कारण असं: कोल्हापुरात २२ डिसेंबरला भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंश वर असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो ५६ अंशांवर येतो आणि २१ मार्चला ७३ अंशांवर. सूर्य जसा वर चढतो, तशी दक्षिणेकडच्या बाल्कनीत आत येणारी तिरीप मागे हटते. दिवाळीपासून जिथं गुलाब खुशीत होता, तिथं मार्चमध्ये छज्जाची सावली पडते. उलट उत्तरेकडच्या ज्या कोपऱ्यात फर्न आणि मनीप्लांट निवांत होते, तिथं एप्रिलमध्ये ऊन शिरतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि पुढं पावसाळ्यापर्यंत किंचित उत्तरेकडूनच जातो. कुंड्या हलवायच्या असतील तर आत्ताच हलवा. थंडीच्या शेपटाला हलवलेलं झाड नव्या जागेच्या उन्हाला हळूहळू सरावतं, एप्रिलमध्ये हलवलं की पानं भाजतात.

आणखी एक. दिवस डिसेंबरअखेरपासून मोठा होतो, पण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. तेव्हा आपल्याकडं सात वाजून गेल्यावर उजाडतं. वाढलेला दिवस आधी संध्याकाळच्या बाजूला मिळतो. म्हणून पश्चिमेकडच्या बाल्कनीतल्या झाडांना जाग आधी येते आणि पूर्वेकडची मागं राहतात. एकाच घरातल्या दोन जास्वंदी वेगळ्या वागतात याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरं काम: मातीला हात लावून बघा

सकाळी आठ वाजता बोट दोन पेरं मातीत खुपसा. गार लागतंय? मग मुळं अजून सुस्त आहेत. स्वयंपाकघरात वापरतात तसा खुपसायचा थर्मामीटर असेल तर उत्तमच: सकाळी माती १८ अंशांच्या वर राहायला लागली की काम सुरू करायचं.

जागेनुसार फरक पडतो. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळं ती उशिरा तापते. पन्हाळा-गगनबावड्याकडून आणलेली तांबडी माती निचऱ्याची, ती लवकर तापते आणि लवकर सुकते. गच्चीवरची कुंडी चारी बाजूंनी उघडी असल्यानं रात्री जमिनीपेक्षा जास्त गार पडते आणि दुपारी जास्त तापते. कुंड्यांच्या खाली विटा दिल्या तर फरशीचा गारठा आणि पुढं तिचीच धग, दोन्हींपासून मुळं वाचतात.

पाण्याचं वेळापत्रक यावरच ठरवा. माती गार असेपर्यंत सकाळी ९ ते १० च्या दरम्यान, ऊन अंगावर आल्यावर पाणी द्या. संध्याकाळी देऊ नका. रात्रभर गार आणि ओली राहिलेली माती म्हणजे मूळकूज आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. होळीच्या आसपास रात्री उबदार झाल्या की पहाटेच्या पाण्यावर या. आणि टाकीचं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, ते तास-दीड तास बादलीत ठेवून मग घाला.

खुणा कोणत्या आणि कुठं बघायच्या

गावात फिरताना डोळे उघडे ठेवले तर मोठी झाडं आधी सांगतात. जानेवारीत शेवगा फुलतो आणि कुंपणाच्या गिरिपुष्पाला गुलाबी तुरे येतात. मग काटेसावर आणि पांगारा, दोन्ही निष्पर्ण फांद्यांवर लाल. फेब्रुवारीअखेर ज्योतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या वाटेवर पळस पेटलेला दिसतो. कडुनिंबाची पानं पिवळी होऊन गळायला लागली की समजायचं, मुळांनी वर रस चढवायची तयारी केली आहे. पाडव्यापर्यंत त्याला तांबूस कोवळी पालवी येते. पिंपळही याच सुमारास पान टाकून नवं घेतो.

पक्ष्यांत तांबटाची एकसुरी ‘टुक टुक’ दुपारभर चालू झाली की ऊन तापायला लागलं. कोकीळ फेब्रुवारीत चाचपडत बोलतो, मार्चमध्ये मोकळा गातो. उलट, हिवाळी पाहुणा धोबी अजून शेपूट हलवत लॉनवर दिसतोय आणि भोरड्यांचे थवे पांगाऱ्यावर उतरतायत, म्हणजे थंडी पुरती गेलेली नाही. हे दोन्ही एकाच आठवड्यात दिसतं आणि ते स्वाभाविक आहे.

घरच्या बागेतली सगळ्यात भरवशाची खूण मात्र डोळा, म्हणजे फांदीवर नवा फुटवा जिथून निघतो ती जागा. मोगऱ्याची किंवा जास्वंदीची फांदी जवळ घ्या आणि पान जिथं फांदीला जुळतं त्या बेचक्यात बघा. झोपलेला डोळा म्हणजे फांदीला चिकटलेला तपकिरी, कोरडा ठिपका. नखानं हलत नाही. जागा होताना तो आधी फुगतो, त्याच्या खवल्यांच्या कडा हिरव्या होतात, मग टोक फांदीपासून किंचित सुटतं आणि दुमडलेल्या दोन पानांची जांभळट कड बाहेर दिसते. एखाद्याच फांदीवर असं दिसलं तर थांबा. अर्ध्याहून जास्त फांद्यांवर दिसलं की छाटणी, खत, पाणी यांची वेळ झाली.

काही झाडं या काळात मेल्यासारखी दिसतात आणि लोक ती उपटून टाकतात. चाफा, सीताफळ, अंजीर, कढीपत्ता यांच्या सालीवर नखानं हलका ओरखडा काढा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. त्याला वाढीव पाणी देऊ नका, विशेषतः चाफ्याला. पान नसताना तो पाणी पीत नाही आणि खोड मऊ पडतं.

छाटणी: मोगरा आधी, गुलाब नको

मोगऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण या झाडाला नेमक्या वेळी हात लावला तर मार्च ते जून घरात गजरा मिळतो. क्रम असा.

जानेवारीच्या मध्यापासून पाणी कमी करा. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन आठवडे पूर्ण ताण चालतो. कुंडीतल्याला आठ-दहा दिवस पुरे, तेही माती पूर्ण वाळून भेगा पडू न देता. पानं मलूल होऊन काही गळतील, घाबरू नका. मग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धारदार कात्रीनं झाड साधारण दीड फुटावर आणा, कुंडीतलं असेल तर फुटावर. काडीएवढ्या बारीक, वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या बुडापासून काढा. काप डोळ्याच्या वर पाव इंचावर, तिरका. उरलेली जुनी पानं हातानं ओढून टाका. फांदीच्या उलट दिशेनं ओढली तर डोळा तुटतो, म्हणून वरच्या बाजूला उचलून तोडा.

आता वरची दोन इंच माती खुरपून दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळा. कुंडीच्या तळातून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी घाला, आणि मग माती वरून सुकेपर्यंत पुन्हा देऊ नका. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकालाच येते, बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात. म्हणजे जितके नवे फुटवे, तितकी फुलं. पहिला बहर ओसरल्यावर फुलाखालची दोन पानं धरून शेंडा खुडत गेलात की दुसरा बहर येतो. झाडाला रोज सहा तास ऊन हवंच. सावलीतल्या मोगऱ्याला नुसती पानं येतात, कितीही खत घाला.

जास्वंद एक तृतीयांशापर्यंत छाटायला हरकत नाही. बोगनवेल फुलांवर असेल तर तसाच राहू द्या, बहर संपल्यावर कापा. कढीपत्त्याचे शेंडे खुडा, बाजूनं फुटवे येतील. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या काढून टाका आणि बी एका कागदाच्या पुडीत ठेवा. शेवंतीची फुलं संपली की झाड चार-सहा इंचांवर कापून बुडाशी येणारे कोवळे कोंब जपा. पुढच्या वर्षाची रोपं तीच. या कोंबांना एप्रिल-मेमध्ये अर्धी सावली लागते.

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची. आता फक्त सुकलेली फुलं पाच पानांच्या जोडपानापर्यंत कापा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाब बोडका केला तर नवा फुटवा थेट उन्हाळ्याच्या तोंडी सापडतो.

आंबा: मोहोर जवळून बघा

अंगणात आंबा असेल तर सकाळी नऊच्या सुमारास मोहोराचा एक तुरा हातात धरा, खाली पांढरा कागद धरा आणि तुऱ्यावर हलकी टिचकी मारा. पाचरीच्या आकाराचे, राखाडी-तपकिरी, तांदळाच्या कणीएवढे किडे तिरके उड्या मारत पळाले तर ते तुडतुडे. खालच्या पानांवर बोट फिरवा. चिकट लागलं तर त्यांचा गोड स्राव पडतोय आणि थोड्याच दिवसांत त्यावर काळी बुरशी चढेल. तुऱ्याच्या दांड्यावर पांढरी पूड दिसली तर भुरी.

फुलं उमलण्याआधी हे दिसलं तर निंबोळी अर्काची फवारणी करा: ५० ग्रॅम निंबोळीच्या बियांचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून थोडं साबणाचं पाणी घालायचं. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही सकाळी. दुपारच्या तापल्या उन्हात गंधकानं पान-फूल भाजतं. फुलं उमलल्यावर कसलीही फवारणी नको. आंब्याचं परागीभवन माश्या आणि लहान किडेच करतात. तुऱ्याभोवती घोंगावणाऱ्या त्या माश्या बघून किळस करू नका, तुमच्या कैऱ्या त्यांच्याच हातात आहेत.

मोहोरासाठी रात्रीची थंडी लागते, पण ती फार लांबली तर नर फुलं वाढतात आणि फळधारणा घटते. कोकणात हापूसला थंडी लांबली की आधीच्या कैऱ्या असताना पुन्हा मोहोर येतो आणि त्या कैऱ्या गळतात. आपल्याकडंही तसं होऊ शकतं. तो नवा मोहोर हातानं खुडून टाकलेला बरा. आणि कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत झाडाला पाणी देऊ नका. लवकर पाणी दिलं की मोहोराऐवजी पालवी येते.

कुंडी बदलणं आणि खत

कुंडीच्या तळातून मुळं बाहेर आली असतील किंवा पाणी ओतल्याबरोबर तळातून निघून जात असेल, तर माती उबदार झाल्यावर म्हणजे साधारण महाशिवरात्रीच्या सुमारास कुंडी बदला. मुळांचा गोळा बाहेर काढून कडेची गुंतलेली मुळं एक इंचभर छाटा आणि एकाच माप मोठ्या कुंडीत लावा. दोन भाग बागेची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. काळी माती असेल तर वाळू वाढवा. आठवडाभर सावलीत ठेवा.

रासायनिक खत माती गार असताना देऊ नका. आधी शेणखत-पेंड, मग फुटवा दोन-तीन इंच झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पातळ खत) दहापट पाण्यात. गूळ आपल्याकडं ताजा मिळतो, या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, तिथून काळसर स्वस्त गूळ आणला तर जीवामृताला तोच चांगला.

उन्हाळी भाजी पेरायची ती आत्ता

काकडी, दोडका, कारलं, दुधी, गवार, भेंडी. जानेवारीत घाईनं पेरलेलं बी मातीत कुजतं. भेंडीचं बी तर १७ अंशांच्या खाली उगवायला तयार नसतं. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा योग्य. दोडका-कारल्याचं बी कठीण असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात उबेला ठेवा. कारल्याच्या बीचं टोक नेलकटरनं जरा कापलं तर लवकर मोड येतो. मोड आल्यावरच मातीत, इंचभर खोल. पहाटे गारठा असेल तर पेरलेल्या कुंडीवर रात्री गोणपाट टाका, सकाळी काढा.

रोपाला चार पानं आली की लाल भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचा. राख भुरभुरवायची जुनी पद्धतही उपयोगी पडते.

मावा आणि त्याचे शत्रू

कोवळी पालवी आली की मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आलाच. शेवगा, जास्वंद, शेवंती, वालाच्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके गर्दी करतात. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की वर बहुधा मावा किंवा पिठ्या ढेकूण असतोच. मुंग्या त्यांचा गोड स्राव गोळा करतात आणि त्यांना राखतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा द्या. उरले तर ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी एक लिटर पाण्यात, उन्हं कलल्यावर.

फवारण्याआधी पानाखाली बघा. लाल-काळे ठिपक्यांचे ढालकिडे, ज्यांना लेडीबर्ड म्हणतात, किंवा त्यांच्या काळ्या-केशरी लांबट अळ्या दिसल्या तर फवारणी चार दिवस थांबवा. या अळ्या माव्यावरच जगतात, आणि त्यांना कीड समजून मारणं हा बागेचा फार मोठा तोटा आहे. फेब्रुवारीत मध्येच ढगाळ हवा आली तर मात्र रोज एक चक्कर मारा. अशा हवेत मावा आणि भुरी दोन्ही भराभर वाढतात.

पाचट

मार्चचं ऊन येण्याआधीचं शेवटचं काम आच्छादनाचं, आणि या बाबतीत कोल्हापूरकरांसारखं नशीब कुणाचं नाही. ऊसतोड मार्चपर्यंत चालू असते, गावाबाहेर पडलं की शेतात पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचे, ढीग. कळंब्याच्या बाजूला एका शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “ताई, पोतं घिऊन या की. न्हाईतर आम्ही पेटवूनच देणार हाय.” पाचट जाळण्यापेक्षा ते आपल्या झाडाच्या बुडाभोवतीच्या आळ्यात आलेलं केव्हाही चांगलं.

पानांची धार हाताला कापते, म्हणून हातमोजे घाला. चार-सहा इंचांचे तुकडे करा, पाण्यात भिजवा आणि आळ्यात दोन-तीन इंचांचा थर द्या. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोडाशी ओल राहून बुरशी येते आणि वाळवीलाही आसरा मिळतो. घाई मात्र करू नका: माती गार असताना पाचट टाकलं तर ऊन आत पोचत नाही आणि माती गारच राहते. आधी माती उघडी ठेवून तापू द्या. सकाळी बोटाला ती कोमट लागायला लागली, की त्याच दिवशी भरपूर पाणी देऊन वर पाचट पसरा. वरून मूठभर शेणखत टाकलं तर पावसाळ्यापर्यंत त्याचंच खत होतं. एप्रिलमध्ये वळीव कोसळला तरी थराखालची माती वाहून जात नाही, आणि रोजचं पाणी एक दिवसाआड दिलं तरी भागतं.